निळं पॅनल वाकतं, राखाडी सरळ राहतं

हिंगणा_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. २५० टनी एक मशीन आणि १५० टनी दोन. काम बहुतेक कूलरचं: पंपाची बॉडी, फ्लोट, पाणी वाटायची पन्हाळ, पुढचा कंट्रोल पॅनल. फेब्रुवारी लागला की नागपुरात कूलरवाल्यांची जी घाई सुरू होते ती एप्रिल संपेपर्यंत उसंत देत नाही. नेमकी त्यातच ही अडचण आली आहे.

पार्ट म्हणजे तोच कंट्रोल पॅनल. लांबी ४६० मिमी, रुंदी १२०, भिंत २.५ मिमी. मागे आडव्या-उभ्या रिब (मजबुतीच्या पट्ट्या), दोन्ही टोकांना स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायचे पोकळ खांब), मध्ये नॉबची दोन भोकं. डाय (साचा) एक कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी एकच पीस. लांब बाजूच्या मधोमध एज गेट, म्हणजे माल आत शिरायचं कडेचं तोंड. दर्शनी बाजू डायच्या फिक्स हाफमध्ये (स्थिर अर्ध्यात), रिबची बाजू मूव्हिंग हाफमध्ये (सरकत्या अर्ध्यात, म्हणजे कोअरच्या बाजूला). माल पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कोपॉलिमर, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) १२ च्या आसपास. बॅरल (माल वितळायची नळी) २१० ते २२५ अंश.

आतापर्यंत हाच पॅनल राखाडी रंगात काढत होतो, तक्रार आली नाही. यंदा पार्टीला निळा पाहिजे. दाणा तोच, डाय तोच, मशीन तीच, सेटिंग तीच. मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचा दाट रंग) तेवढी बदलली, तीही २ टक्केच. आणि पॅनल वाकून राहिलं! दर्शनी बाजू वर करून टेबलावर ठेवलं तर दोन्ही टोकं टेकतात आणि मधला भाग जवळजवळ ४ मिमी उचललेला दिसतो. बॉडीवर कसलं की मध्ये फट. पार्टी १ मिमीच्या वर घ्यायला तयार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्या फटीतून पाण्याचे थेंब स्विचकडे जातात.

कूलिंग टाइम वाढवून पाहिला, थोडा फरक पडला पण सायकल (एका पीसला लागणारा वेळ) परवडत नाही. होल्डिंग प्रेशर (डाय भरल्यावर धरून ठेवायचा दाब) वाढवलं तर नॉबच्या भोकाशी फ्लॅश (फटीतून निघालेला पातळ पापुद्रा) यायला लागला. गरम पीस फळीखाली वजन ठेवून दाबले, संध्याकाळी सरळ होते, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बाक. दाणेवाला म्हणतो डाय पाहा, डायवाला म्हणतो दाणा पाहा, रंगवाला म्हणतो २ टक्के रंगाने काय होते.

शिवाय जाड रिबच्या समोर दर्शनी बाजूला सिंक (खळगा) आहे आणि नॉबच्या भोकापलीकडे वेल्ड लाइन (मालाचे दोन प्रवाह जुळल्याची रेघ). पण ते नंतर पाहू. आधी हा बाक काऊन येते ते समजून नाही राहिलं. कोणी अनुभवी माणूस सांगेल का?


भोसरीकर

होल्डिंग प्रेशरपेक्षा होल्डिंग टाइम बघा. गेट गोठण्याआधी होल्डिंग सुटलं तर माल उलटा रनरमध्ये (गेटपर्यंतच्या वाटेत) येतो आणि गेटजवळचा भाग जास्त आकसतो. होल्डिंगचा वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी रनर तोडून पीसचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं. त्याच्यावर अर्धा सेकंद ठेवा, झालं.

तरी नाही जमलं तर २० टक्के टाल्कवाला (खनिज भुकटी मिसळलेला) पीपी घ्या. आकुंचन दीड टक्क्यावरून एकच्या आसपास येतं आणि पार्ट कडक होतो. आणि नागपूरच्या उन्हात कूलिंग टॉवरवर काम भागणार नाही, चिलर (पाणी थंड करायचं मशीन) लावा.


हिंगणा_मोल्डिंग

धन्यवाद भाऊ. वजनाची चाचणी आजच करतो. टाल्कचं मात्र कठीण आहे. दोन बॉसमधलं अंतर ४३० मिमी आहे. आकुंचन अर्ध्या टक्क्याने बदललं तर ते अंतर २ मिमीने सरकते, मग स्क्रू बॉडीच्या भोकात बसणार नाही. आणि २० टक्के टाल्क म्हणजे घनता ०.९० वरून १.०४ च्या पुढे. माल किलोने घेतो, पीस नगाने विकतो, त्यामुळे दर पीसमागे तेवढा माल जास्त जाणार.


जुना_डायमेकर

भाऊ, मी नागपूरचाच. सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, कूलरच्या डायांवर तर फार काम केलं आहे. टाल्क, चिलर, नवीन डाय या सगळ्याला पैसे लागतात, म्हणून ते शेवटी. आधी जे फुकटात कळते ते पाहून घेऊ.

तुम्ही बाकाची दिशा नीट लिहिली हे फार चांगलं केलं. बहुतेक जण नुसतं "वाकते" म्हणतात. टोकं मागे गेली, पोट पुढे आलं, म्हणजे रिबकडची बाजू जास्त आकसली. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालतो तेव्हा वरची बाजू आधी सुकून आकसते आणि कडा वर वळतात. जी बाजू जास्त आकसते तिकडे पापड वळतो, आणि प्लास्टिकही तसंच. पोलाद थंड असेल त्या बाजूला पीपी झटकन गोठते. गरम पोलादाकडची बाजू मागून आणि हळू गोठते. पीपीत हळू गोठलं की स्फटिक जास्त बनतात, स्फटिकात साखळ्या दाटीने बसतात, म्हणून आकुंचनही जास्त. थोडक्यात पार्ट गरम बाजूकडे वळतो. तुमच्या डायचा मूव्हिंग हाफ फिक्स हाफपेक्षा गरम चालतो आहे असा माझा पक्का अंदाज आहे. पण अंदाजावर काम करू नका, मोजा.

मशीन नेहमीच्या सायकलवर तासभर चालू द्या. मग थांबवून, गार्ड उघडून, लगेच दोन्ही हाफच्या पोलादाचं तापमान घ्या. टेकवायचा प्रोब असलेला थर्मामीटर वापरा. लाल ठिपक्याची इन्फ्रारेड गन चकचकीत पोलादावर भलतंच कमी तापमान दाखवते, तिच्या भरवशावर राहू नका. मूव्हिंग हाफमध्ये रिबच्या दोन ओळींमधल्या पोलादावर प्रोब ठेवा. त्या पोलादाच्या अरुंद पट्टीला तिन्ही बाजूंनी उष्णता येते आणि पाणी तिथून लांब असते.

त्यानंतर पाणी पाहा. दोन्ही हाफच्या प्रत्येक सर्किटचं (डायमधल्या पाण्याच्या वाटेचं) परतीचं पाणी वेगळ्या बादलीत सोडा, मोबाइलवर एक मिनिट लावा, लिटर मोजा. ८ मिमीच्या भोकातून पाणी खळखळून जायला हवं असेल, म्हणजे भिंतीला चिकटून संथ थर वाहता कामा नये, तर मिनिटाला ३ लिटर तरी पाहिजे. १० मिमीचं भोक असेल तर ४ च्या जवळ. त्याहून फार कमी येत असेल तर पाणी कितीही थंड असू द्या, उष्णता उचलली जात नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरकही पाहा. २-३ अंश ठीक आहे, ५ च्या वर गेला तर पाणी कमी पडते.

होज कसे जोडले तेही पाहून घ्या. आपल्याकडे ऑपरेटर एका सर्किटचं बाहेर येणारं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात असं माळेसारखं जोडतो. नळ्या कमी लागतात म्हणून. पण शेवटच्या सर्किटला गरम आणि मंद पाणी मिळते, आणि शेवटचं सर्किट बहुतेक कोअरचंच असते, कारण तिथे हात पोचायला त्रास.

चिलरबद्दल भोसरीकर साहेबांशी माझं जुळत नाही. कूलिंग टॉवर चालतो तो आपल्या कूलरच्याच तत्त्वावर. पाणी उडते, उडताना उष्णता नेते. हवा कोरडी असेल तर काम जोरात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण हवा इतकी कोरडी असते की टॉवर नीट असेल तर पाणी बऱ्यापैकी थंड मिळते. जुलैत बाहेर गारवा वाटते पण हवा दमट, तेव्हा टॉवरचं पाणी मेपेक्षा गरम असू शकते. जुलैत घरचा कूलर काऊन निकामी होते ते प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे, टॉवरचंही तेच. तेव्हा उन्हाळ्यात बाक आला की पाण्याच्या तापमानाला दोष देऊन मोकळं होऊ नये.

उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा. पाणी जास्त उडते, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात टॉवरचं टाकं नियमाने थोडं थोडं रिकामं केलं नाही तर क्षार दाट होत जातात आणि डायच्या भोकात पांढरा थर बसतो. पोलादाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी जाऊ देतो. एक मिमी थर बसला तरी पाण्याची वाट जणू कित्येक मिमी लांब गेली असं समजा. आणि भोक बारीक झाल्याने पाणीही कमी. थर आधी कुठे बसते? जिथे पोलाद जास्त गरम आणि पाणी मंद तिथे. म्हणजे पुन्हा कोअरमध्येच.

वजनाखाली पीस ठेवायचं काम बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. बाक मिटत नाही, आतला ताण तेवढा दाबून ठेवला जातो. तुमचा पॅनल मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत उन्हात तापणार आहे, गडद निळा असेल तर हवेपेक्षाही जास्त तापेल. तेव्हा हा ताण सुटतो आणि पॅनल गिऱ्हाइकाच्या घरी वाकतो. फळीखाली सरळ झालेला पीस पास करू नका.

आता रंगाचं. राखाडी सरळ आणि निळा वाकडा, हे काही मनाचे खेळ नाहीत, मी हे क्रेटमध्ये आणि झाकणांमध्येही पाहिलं आहे. पण राखाडी खरंच सरळ आहे की १ मिमीच्या आत आहे म्हणून कोणी मोजलं नाही? एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर, आधी बिनरंगाचा दाणा, मग राखाडी, मग निळा चालवा. रीग्राइंड (दळलेला जुना माल) अजिबात मिसळू नका. प्रत्येकाचे थोडे पीस सपाट जागी मोकळे ठेवा, एकमेकांवर रचू नका. पीपी डायबाहेर आल्यावरही आकसत राहते, म्हणून दोन दिवसांनी फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) मोजा. मगच इथे आकडे लिहा, पुढचं बोलू.


रंगदाणा

हिंगणा दादा, मी मास्टरबॅचच्या प्रयोगशाळेत काम करते. "२ टक्के रंगाने काय होते" हे वाक्य ऐकून वाईट वाटलं, कारण आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी.

स्वस्त, चमकदार, उन्हात न उडणारा निळा म्हणजे बहुतेक वेळा थॅलोसायनीन निळा, पिगमेंट ब्लू १५ च्या घरातला. हिरव्यातही तेच कूळ, पिगमेंट ग्रीन ७. या रंगाचे कण पीपी आणि एचडीपीईला स्फटिक बांधायला बीज पुरवतात. वितळलेलं पीपी थंड होताना ज्या तापमानाला गोठायला लागतं, त्याच्या काही अंश वरच निळं पीपी गोठायला लागतं. तेव्हा साखळ्या अजून प्रवाहाच्या दिशेने ताणलेल्या असतात, सैल व्हायला वेळ मिळालेला नसतो, आणि त्या तशाच बांधल्या जातात. परिणाम असा की प्रवाहाच्या दिशेचं आणि त्याला आडवं आकुंचन यांच्यात तफावत वाढते. तुमच्या पॅनलमध्ये माल मध्यातून शिरून दोन्ही टोकांकडे लांब धावतो, म्हणजे ही तफावत लांबीवर उमटणार.

राखाडी म्हणजे पांढरा टिटॅनियम डायऑक्साइड आणि थोडा कार्बन ब्लॅक. त्यांचा आकुंचनावर एवढा प्रभाव नसतो. म्हणून तुमचं राखाडी शांत होतं.

तुमच्या पुरवठादाराला पिगमेंटचा नंबर विचारा. रेसिपी सांगू नका म्हणावं, फक्त निळ्याचं कूळ सांगा. १५ असेल तर २९ मध्ये, म्हणजे अल्ट्रामरीनमध्ये, शेड बसवून द्यायला सांगा. अल्ट्रामरीन अकार्बनी आहे, बीजाचं काम जवळपास करत नाही, उष्णतेत आणि उन्हात टिकतो. तोटे सांगते: रंगाची ताकद कमी, त्यामुळे डोस वाढतो, छटा किंचित लालसर निळी येते, थॅलोची हिरवट निळी छटा तंतोतंत मिळत नाही, आणि आम्लाला तो टिकत नाही. कूलरच्या पॅनलला आम्ल लागायचं कारण नाही, पण पुसायला टाइल्स साफ करायचं लिक्विड वापरू नका असं पार्टीला कळवून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ दाणाच न्यूक्लिएटेड घ्यायचा. मग बीज आधीच भरपूर असतात, रंगाच्या बिजांमुळे फारसं बिघडत नाही, आणि सगळे रंग जवळजवळ सारखे आकसतात. पण तेव्हा ४३० मिमीचं अंतर परत तपासावं लागेल. एकाच पॅनलचे चार रंग काढायचे असतील तरच हा खटाटोप करा.

डायमेकर काकांनी सांगितलेली तीन दाण्यांची चाचणी आधी कराच. त्याशिवाय रंगाचा वाटा किती आणि डायचा किती हे कोणालाच सांगता येणार नाही.


हिंगणा_मोल्डिंग

काका, ताई, तुम्ही दोघांनी इतकं मनापासून लिहिलं, मंडळ आभारी आहे. सगळं मोजलं. आकडे देतो.

दोन दिवस मोकळे ठेवलेले पीस, मध्यावरची उंची: बिनरंगाचा १ मिमी, राखाडी १.२, निळा ३.८. तिघांचीही दिशा एकच. म्हणजे काका म्हणाले तसं राखाडीतही बाक होताच.

पोलाद: फिक्स हाफ ३४ अंश, मूव्हिंग हाफ रिबच्या मध्ये ५८.

पाणी: फिक्स हाफचं सर्किट मिनिटाला ४ लिटरच्या जवळ. कोअरचं जेमतेम १ लिटर. होज तसेच माळेत जोडलेले होते आणि कोअर शेवटी. प्लग काढले तर भोकाच्या तोंडाशी पांढरा कठीण थर, ८ मिमीच्या भोकात पेन्सिल जाईना.

टूलरूमवाल्याने सल्फॅमिक ॲसिडचं पातळ द्रावण छोट्या पंपाने फिरवलं, मग सोडा ॲश घातलेलं पाणी, मग साधं पाणी. मी मॅनिफोल्ड (पाणी वाटून देणारा अनेक तोंडांचा पाइप) आणून प्रत्येक सर्किट वेगळं जोडलं. आता कोअरमधून ३ लिटरच्या वर येते आणि पोलाद ४३ वर आलं. राखाडीचा बाक अर्ध्या मिमीच्या आत. निळ्याचा २.२.

गेटची वजन-चाचणीही केली. गेट आमच्या होल्डिंग टाइमच्या आधीच गोठत होतं, तिथे काही दोष निघाला नाही. भोसरीकर भाऊंचे आभार, निदान एक शंका मिटली.

रंगवाल्याने नंबर सांगितला, १५ च्याच घरातला निघाला. अल्ट्रामरीनचं सॅम्पल मागवलं आहे. पण यायला वेळ लागेल आणि पार्टीला पहिली खेप लवकर पाहिजे. २.२ वरून १ च्या आत आणायला तोवर काही करता येईल का?


जुना_डायमेकर

छान काम केलं. आकडे असले की बोलायला अर्थ येतो.

तोवर एक करा. गरम बाजूकडे पार्ट वळतो ना, मग थोडी गरमी दुसऱ्या बाजूला द्या. फिक्स हाफला मोल्ड टेम्परेचर कंट्रोलर जोडा आणि ४५ ते ५० मध्ये ठेवा, कोअरला मिळेल तेवढं थंड पाणी. बाक कमी होत येईल. ५-५ अंशांनी वाढवा, प्रत्येक पायरीवर पोलाद स्थिरावू द्या, आणि डायबाहेरचा गरम पीस पाहून निर्णय घेऊ नका. दर्शनी बाजूची चमकही थोडी सुधारेल. सायकल काही सेकंदांनी वाढेल, तेवढं सोसा.

पण ही तात्पुरती सोय समजा. यात दोन दोष एकमेकांविरुद्ध उभे करून तोल साधलेला असतो. रात्रपाळीत कोणी कंट्रोलर बंद केला, वीज गेली, पाण्याचा दाब बदलला, की तोल गेला. कंट्रोलरवर तापमान लिहून चिकटवा आणि दर तासाला एक पीस बाजूला काढून त्यावर वेळ लिहायला लावा.

ॲसिड फिरवताना ओ-रिंग पाहिल्या का? जुन्या असतील तर बदलून टाका, नाहीतर थर निघाल्यावर तिथून पाणी झिरपते आणि बॉससाठी बसवलेल्या इन्सर्टच्या मागे गंज धरते.


बुटीबोरी_पाळी

मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. आमच्याकडे मोटरचा ब्रॅकेट ३० टक्के ग्लास नायलॉनमध्ये आहे. त्याला बाक नाही, पीळ येतो. दोन्ही हाफचं तापमान सारखं करूनही फरक नाही. हेच उपाय लागतील का?


जुना_डायमेकर

नाही भाऊ, तुमचं दुखणं वेगळं. ग्लासचे तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात. तंतू ज्या दिशेला त्या दिशेला आकुंचन फार कमी, आडव्या दिशेला दुप्पट किंवा जास्त. तेव्हा ब्रॅकेटमध्ये माल कुठून शिरतो आणि कुठे वळतो यावर पीळ ठरतो. पाण्याने थोडंच हलेल. गेटची जागा बदलणं हाच खरा इलाज, आणि ते डाय कापण्याआधी फ्लो ॲनालिसिसमध्ये पाहिलेलं बरं. चंद्रपूरला सिपेटचं (सरकारी प्लास्टिक प्रशिक्षण संस्थेचं) केंद्र आहे, तिथे विचारून पाहा.

आणखी एक, नायलॉन पाणी पिते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मोजलेला ब्रॅकेट आणि ऑगस्टमध्ये मोजलेला ब्रॅकेट यांची मापं जुळणार नाहीत. गेजवर लावण्याआधी पीस किती वेळ आणि कुठे ठेवले ते लिहून ठेवा. दाणा वाळवूनच वापरता ना? पावसाळ्यात गोणी उघडी राहिली तर चंदेरी रेघा येतात आणि पार्ट ठिसूळ होतो, तो तर मोटरचा ब्रॅकेट आहे.


हिंगणा_मोल्डिंग

काका, फिक्स हाफ ४८ वर ठेवला. निळा १.३ वर आला. पार्टीच्या माणसाला युनिटवर बोलावून आकडे दाखवले, पहिल्या खेपेपुरतं १.५ पर्यंत घ्यायला तयार झाले, फटीत फोमची पट्टी लावून. थेंबाची काळजी मिटली.

आज अल्ट्रामरीनचं सॅम्पल आलं. डोस ३ टक्के करावा लागला. कंट्रोलर न लावता, दोन्ही हाफला टॉवरचंच पाणी देऊन, बाक ०.७! दर्शनी बाजूही स्वच्छ. ताईंनी सांगितलं तसं छटा थोडी लालसर आहे. पार्टी दोन्ही पॅनल बॉडीवर लावून, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली पाहून सांगणार आहे. मला स्वतःला नवीन निळा जास्त आवडला, पण पसंती त्यांची.

आता सिंक आणि वेल्ड लाइन राहिली. पार्टीने अजून बोट ठेवलं नाही, पण मला ती रोज दिसते आणि सहन होत नाही. रिबची जाडी मोजली, २ मिमी आहे.


रंगदाणा

दादा, शेड ठरली की पास झालेला एक पॅनल दोघांच्या सहीने सील करून अंधारात ठेवा. पुढच्या लॉटला त्याच्याशी जुळवा. पुरवठादाराकडून लॉटच्या कागदावर पिगमेंटचा नंबर लिहून घ्या, नाहीतर भाव कमी करायला कोणी परत थोडा थॅलो मिसळला तर शेड जुळेल आणि बाक परत येईल.


जुना_डायमेकर

२.५ च्या भिंतीला २ मिमीची रिब फार जाड झाली. पीपीमध्ये भिंतीच्या निम्मी, फार तर ६० टक्के ठेवावी, म्हणजे १.२५ ते १.५. रिब जिथे भिंतीला मिळते तिथे मालाचा गोळा होतो, तो शेवटी गोठतो आणि दर्शनी बाजूला आत ओढतो. तोच गोळा कोअरची बाजू गरम ठेवायलाही हातभार लावतो, म्हणजे तुमच्या बाकात त्याचाही वाटा आहे. रिब बारीक करायची तर कोअरच्या खाचेत पोलाद भरावं लागते, ते वेल्डिंगने करण्यापेक्षा त्या भागाला इन्सर्ट बसवा.

वेल्ड लाइन भोक असेपर्यंत राहणारच, कारण माल भोकाला वळसा घालून पलीकडे भेटतो. फिकी मात्र करता येते. माल ५-१० अंश गरम, इंजेक्शनचा वेग थोडा जास्त, आणि दोन प्रवाह भेटतात तिथे हवेला वाट. व्हेंट ०.०२ मिमी खोल ठेवा, त्याहून खोल केला तर पीपी त्यातून बाहेर येते. निळ्यात ती रेघ राखाडीपेक्षा जास्त उठून दिसेल, ते धरून चला.

सीझन संपल्यावर मेच्या शेवटी डाय उतरवाल तेव्हा ही दोन्ही कामं एकत्र करा आणि त्याच वेळी मधल्या रिबच्या बुडाशी दोन-तीन बॅफल (मध्ये पट्टी घालून पाणी वर-खाली फिरवणारी भोकं) पाडून घ्या, म्हणजे कोअरचं पाणी जिथे हवं तिथे पोचेल. बॅफलचं भोक आणि इजेक्टर पिनचं (पीस बाहेर ढकलणाऱ्या पिनचं) भोक यांच्यात निदान ५ मिमी पोलाद राहू द्या. कोअरचं ड्रॉइंग मला पाठवा, भोकांच्या जागा मी आखून देतो.


हिंगणा_मोल्डिंग

ड्रॉइंग उद्या पाठवतो काका. जुनं आहे, हाताने काढलेलं. आणि टॉवरच्या टाक्याला ड्रेनचा व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे, रोज सकाळी थोडं पाणी सोडायचं काम एका पोराकडे दिलं आहे.